मुंबईहून लंडन किती लांब?

आज आपणांपुढे मांडावयाचा विषय प्रथमदर्शनी फार किरकोळ वाटेल. एका विमानतळापासून दुसरा विमानतळ किती लांब, आणि तेथे पोचावयास विमानास किती वेळ लागतो, एवढाच तो आहे. प्राथमिक शाळेतील मुलासही ह्याचे उत्तर ठाऊक असते : अंतरास वेगाने भागावे, म्हणजे वेळ निघतो. हे सूत्र मी स्वतः फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, ह्याची गणती नाही. असे असूनही एकदा ह्याच हिशेबात माझ्या हातून चूक झाली, आणि तिची भरपाई करण्यास काहीच उपाय उरला नाही. ती हकीकत मी शेवटी सांगणार आहे. आधी हिशेब पाहू.

उदाहरणासाठी मुंबई व लंडन ही दोन शहरे घेऊ. ज्या घरातील कोणी मुलगा, सून, लेक अथवा जावई त्या बाजूस शिक्षणास वा नोकरीस गेलेले नाही, असे घर आपल्या शहरांतून आता विरळाच सापडेल. घरातील माणूस विमानात बसले की आई देवापाशी दिवा लावते, वडील घड्याळाकडे पाहू लागतात, आणि शेजारी येऊन विचारतो, 'किती तासांचा हो प्रवास?' ह्या साध्या प्रश्नात वस्तुतः तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. जमिनीवरील अंतर किती, हा पहिला. विमान हवेत किती वेळ राहील, हा दुसरा. आणि ते उतरेल तेव्हा आपल्या घरातील घड्याळात किती वाजले असतील, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न एकच आहेत असे समजल्यामुळे गोंधळ उडतो.

पहिला प्रश्न अंतराचा. शाळेच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा टांगलेला असतो, त्यावर मुंबई व लंडन पट्टीने जोडावीत. ही रेघ अरबी समुद्रावरून दक्षिण इराणात शिरते आणि इराक, सीरिया, तुर्कस्तान व बाल्कन देश ओलांडून लंडनास पोचते. ही सरळ रेघ आहे, तेव्हा हाच सर्वांत जवळचा मार्ग, असे आपण धरून चालतो. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी वाटोळी आहे. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरावयाची म्हटले, तर ती कोठे तरी फाटते किंवा ताणावी लागते. मर्केटर नावाच्या भूगोलज्ञाने १५६९ साली जो नकाशा तयार केला, त्यात ध्रुवांकडील प्रदेश असेच ताणले गेले. त्या नकाशावर ग्रीनलंड हे आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठे आहे. जो नकाशा क्षेत्रफळात एवढे फसवितो, त्याच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजणे कितपत खरे ठरेल?

म्हणून पट्टी बाजूस ठेवावी आणि पृथ्वीगोल घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरून दोरा घट्ट ताणावा. दोरा आपोआप जवळचा मार्ग शोधतो. नकाशावरील रेघेपेक्षा तो बराच उत्तरेकडून जातो, हे पाहून मुलांस मोठे नवल वाटते. तो मुंबईहून निघून कराचीच्या जवळून जातो, पूर्व इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठास स्पर्श करतो, आणि जॉर्जिया, युक्रेन, पोलंड व जर्मनी ह्यांवरून इंग्लंडात उतरतो. गणितात ह्या रेषेस बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या मध्यबिंदूतून सुरी घालून गोळ्याचे दोन समान भाग केले, तर कापाच्या कडेस जे वर्तुळ दिसेल ते बृहद्वृत्त होय. कोणत्याही दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट ह्याच वर्तुळावरून जाते. मुंबई ते लंडन ही वाट सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तेव्हा आपला पृथ्वीगोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर हा दोरा सुमारे १७ सेंटीमीटर भरेल. ज्यांच्या घरी पृथ्वीगोल असेल, त्यांनी आजच रात्री मुलांना जवळ बसवून हा प्रयोग करून पाहावा.

नकाशावरील सरळ रेघेने हेच अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर होते. म्हणजे ह्या ठिकाणी फरक दोनशे किलोमीटरांचाच पडतो. परंतु मुंबई व न्यूयॉर्क ही जोडी घेतली, तर दोऱ्याचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि नकाशावरील रेघेचे सुमारे १४,२०० किलोमीटर येते. सतराशे किलोमीटरांचा हा फरक म्हणजे विमानाची जवळजवळ दोन तासांची वाटचाल होय.

आता, हवेत रस्ते नाहीत, कुंपणे नाहीत, तेव्हा विमान ह्या दोऱ्यावरूनच जात असेल, अशी आपली समजूत होणे साहजिक आहे. तसे होत नाही. जमिनीवरच्या सीमा आकाशातही असतात. प्रत्येक देशाचे त्याच्या माथ्यावरील आकाशावर स्वामित्व असते, आणि त्याच्या संमतीवाचून तेथून जाता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैत खुले झाले. २०२५ च्या एप्रिलात ते भारतीय विमानांस पुन्हा बंद करण्यात आले. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले. मघाशी ताणलेल्या दोऱ्यावर हे दोन्ही देश आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल. म्हणून प्रत्यक्षात विमान वळसे घेते, आणि पृथ्वीगोलावरील ७,२०० किलोमीटर हे अंतर कमीत कमी एवढे, असेच समजावे लागते.

विमानाच्या पूर्वीच्या वाटा तर आणखीच वाकड्या होत्या, कारण त्यांना इंधनासाठी वरचेवर खाली उतरावे लागे. १९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत टपालाची विमानवाट सुरू झाली, तेव्हा त्या प्रवासास सात दिवस लागत, आणि त्यातील काही टप्पा तर आगगाडीने करावा लागे. कराचीस आलेली ती टपाल पुढे न्यावयासाठीच जे. आर. डी. टाटा ह्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे एक लहानसे विमान स्वतः चालवीत आणून मुंबईस जुहू येथे उतरविले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनास निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले. १९६० साली आपल्याकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, आणि दिवसांचा प्रवास तासांवर आला. शहरे जागची हालली नाहीत, परंतु घरातल्या माणसांना वाट पाहावी लागे तो काळ मात्र पार आटून गेला.

ह्यावरून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. विमान हवेत किती वेळ राहते? मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरावा. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. परंतु विमान जागचे हलल्यापासून धावपट्टीवर पोचेपर्यंत, मग वर चढताना, खाली उतरताना आणि पुन्हा थांब्यावर लागेपर्यंत त्याचा वेग कमी असतो. त्यासाठी अर्धा-पाऊण तास वाढवावा, वळशासाठी आणखी काही वाढवावा. म्हणजे साधारणतः नऊ तास होतात. ह्यात एक मौज आहे. मुंबईहून लंडनास जाताना नेहमी वेळ अधिक लागतो आणि लंडनहून मुंबईस येताना कमी. जाताना साडेनऊ ते दहा तास लागले, तर येताना साडेआठ ते नऊ लागतात. असे का व्हावे?

ह्याचे उत्तर पुष्कळजण असे देतात, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडील गाव विमानापासून दूर पळते आणि पश्चिमेकडील गाव सामोरे येते. हे उत्तर चुकीचे आहे, आणि गंमत अशी, की ते खरे असते तर परिणाम उलट झाला असता. धावत्या आगगाडीत आपण चेंडू वर फेकला, तर तो मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतो, कारण चेंडूसही गाडीचा वेग असतो. तसेच विमान व त्याच्या भोवतालची हवा ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात.

खरे कारण वारा हे आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या अक्षांशांपासून युरोपापर्यंतच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. नळीतून सुटलेल्या झोतासारखे ते असतात, म्हणून त्यांस झोतवारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, आणि ताशी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक वेग त्यांस येतो. लंडनास जाणारे विमान ह्या प्रवाहाविरुद्ध जाते, आणि येणारे त्याच्याबरोबर येते.

हे गणित आपण लहानपणी नावेचे म्हणून केलेले आहे. नाव प्रवाहाविरुद्ध गेली आणि प्रवाहाबरोबर परत आली, तर एकंदर वेळ किती? समजा, साऱ्या वाटेवर वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर आहे. मग जाताना विमानाचा जमिनीवरील वेग ८४० होईल आणि प्रवासास ८ तास ३४ मिनिटे लागतील. येताना तो ९६० होईल आणि साडेसात तास लागतील. दोहोंची बेरीज १६ तास ४ मिनिटे. वारा अजिबात नसता, तर बरोबर सोळा तासच लागले असते. जाताना वाऱ्याने जे घेतले, ते सारे येताना तो परत करीत नाही. चार मिनिटे तो स्वतःकडेच ठेवून घेतो.

वाऱ्याचे सामर्थ्य किती असते, ह्याचे एक उदाहरण सांगतो. दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटरांचा मार्ग काटीत असे. २०१६ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीने हे विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून पाठविले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांबचा. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे ते विमान साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. लांबची वाट ही जवळची ठरली. तेव्हा अंतर कळले म्हणजे वेळ तंतोतंत कळला, असे म्हणता येत नाही.

आता तिसरा प्रश्न, घड्याळाचा. सूर्य एका अंशावरून दुसऱ्या अंशावर सरकावयास चार मिनिटे घेतो. मुंबईचे रेखांश ग्रिनिचच्या पूर्वेस जवळजवळ ७३ अंश आहेत. त्या हिशेबाने मुंबईत मध्यान्ह झाल्यावर ४ तास ५१ मिनिटांनी ग्रिनिचला मध्यान्ह होते. मुंबई शहर कित्येक वर्षे ह्याच आपल्या स्वतःच्या वेळेने चालत असे. १९०६ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरील एक प्रमाणवेळ ठरली, ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. तरीही मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असणारी जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपली व लंडनची घड्याळे ह्यांत हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत, तिकडील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. त्यामुळे तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

विमानाच्या तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात. निघण्याची वेळ ही निघण्याच्या गावाची असते आणि उतरण्याची वेळ ही उतरण्याच्या गावाची असते. हा नियम साऱ्या जगात एकच आहे. वैमानिक मात्र आपल्या कामासाठी सर्वत्र एकच जागतिक वेळ वापरतात, त्यामुळे त्यांचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो आपल्यासारख्या घरी वाट पाहणाऱ्यांचा. आणि आता सुरुवातीस सांगितलेली हकीकत सांगतो.

ह्या गोष्टीस तीस वर्षे होत आली. मी तेव्हा पुण्यात एका वाड्यात राहत असे. जानेवारीतल्या एका दुपारी आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. त्यांचा एकुलता मुलगा लंडनास होता. संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला. बोलणे अर्धवटच झाले आणि मध्येच तुटले. एवढेच कळले, की रात्री साडेआठला तो विमानात बसतो आणि सकाळी अकराला मुंबईस उतरतो. पुन्हा जोडणी मिळाली नाही. गृहस्थांचे धाकटे बंधू माझ्याकडे वळून म्हणाले, 'मास्तर, तुम्ही भूगोल शिकविता. आपल्या घड्याळाने तो इथे केव्हा पोचेल, ते हिशेब करून सांगा.'

मी वहीवर हिशेब मांडला. मुलगा लंडनहून बोलतो आहे, तेव्हा दोन्ही वेळा लंडनच्याच सांगत असणार, असे मी धरून चाललो. अकरा अधिक साडेपाच, म्हणजे आपल्याकडील संध्याकाळचे साडेचार. त्यापुढे विमानतळावरील तपासणी आणि पुण्यापर्यंतचा घाटाचा रस्ता. रात्रीचे दहा वाजतील, असे मी सांगितले. मी इतक्या निश्चयाने सांगितले, की कोणी शंका घेतली नाही. वडीलधाऱ्यांनी विचार केला, की दिवस मावळल्यावर अंत्यविधी करणे बरे नव्हे, आणि आणखी एक रात्र देह ठेवणेही बरे नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पुतण्याच्या हातून सर्व विधी उरकण्यात आला. आम्ही स्मशानातून परत येऊन अंगणात बसलो होतो. पावणेपाचच्या सुमारास दाराशी मोटार थांबली आणि मुलगा उतरला. सूर्य मावळावयास अद्याप दीड तास होता.

तो मला काहीही बोलला नाही. तेरावा झाल्यावर निरोप घेण्यास आला, तेव्हा हलक्या आवाजात एवढेच म्हणाला, 'मास्तरकाका, उतरण्याची वेळ मुंबईचीच असते.' मी मान खाली घातली. त्याच्या आईने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक जड गेले.

श्रोतेहो, मी मनाशी पुष्कळदा विचार केला, की ही चूक मला त्या वेळी सापडली असती की नाही. उत्तर असे, की सहज सापडली असती. मी ज्या समजुतीने हिशेब केला, तिच्याप्रमाणे विमान रात्री साडेआठपासून सकाळी अकरापर्यंत, म्हणजे साडेचौदा तास हवेत राहिले असते. साडेचौदा तासांत जेट विमान तेरा हजार किलोमीटर जाते. लंडन तर ७,२०० किलोमीटरांवर आहे. माझ्या वर्गात पृथ्वीगोल होता, दोराही होता. परंतु दोरा ताणून पाहण्याचे मला सुचले नाही. मी घड्याळाचा हिशेब घड्याळानेच तपासला, अंतराकडे पाहिले नाही. नऊ तासांचा प्रवास धरला असता, तर लंडनच्या पहाटेचे साडेपाच आणि आपल्याकडील सकाळचे अकरा हे लगेच जुळले असते.

म्हणून आपणांस एवढेच सांगावेसे वाटते. घरातील माणूस दूर देशाहून निघाले, म्हणजे तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम अंतर पाहावे, आणि त्यास नऊशेने भागून एक तास वाढवावा. मग निघण्याच्या वेळेस तिकडच्या घड्याळातून आपल्या घड्याळात आणावे. लंडनचे रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील रात्रीचे दोन. त्यात प्रवासाचे तास मिळवावेत, म्हणजे उतरण्याची वेळ येईल. ही वेळ तिकिटावरील वेळेशी तासाभराच्या फरकाने जुळली, तर हिशेब बरोबर आहे. पाच-सहा तासांचा फरक आला, तर कोठे तरी घड्याळ एकदा जास्त किंवा एकदा कमी फिरविले गेले आहे, असे समजावे आणि कोणासही काही सांगण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे.

आता सर्वांच्या खिशात दूरध्वनी असतो आणि विमान ह्या क्षणी कोठे आहे, हेही त्यावर दिसते. तेव्हा असल्या हिशेबाची गरज काय, असे तरुण श्रोते म्हणतील. गरज पडू नये, हीच माझी इच्छा आहे. तथापि शाळेत पुढे मी जेवढी वर्षे काढली, तेवढ्या प्रत्येक वर्षी रेखांशांचा धडा आला, की आधी पृथ्वीगोल टेबलावर ठेवी, दोन मुलांस पुढे बोलावी आणि एकाच्या हाती दोऱ्याचे मुंबईकडील टोक, दुसऱ्याच्या हाती लंडनकडील टोक देत असे. घड्याळ त्यानंतर काढीत असे.